खरडलेल्या जमिनीचे पैसे चैत्रात मिळू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अतिवृष्टी आणि पुराने झोडपलेल्या शेतकऱ्यांसाठी राज्य सरकारने ऑक्टोबर २०२५ मध्ये ३१,६२८ कोटी रुपयांचं पॅकेज जाहीर केलं. पिकांच्या भरपाईबरोबरच खरडून गेलेल्या जमिनीसाठी हेक्टरी ४७ हजार रुपये रोख, शिवाय रोजगार हमीतून हेक्टरी ३ लाख रुपये आणि गाळाने बुजलेल्या विहिरीला ३० हजार रुपये देण्याचं ठरलं आहे. पिकाच्या पलीकडे जाऊन जमिनीचा आणि विहिरीचा एवढा विचार झाला, याचं मला मनापासून समाधान वाटतं. पण पैसे कोणत्या महिन्यात येणार आणि कशावर खर्च करू देणार, यावर त्यांचा उपयोग ठरणार आहे. आमची जमीन चार वर्षांपूर्वी अशीच खरडली होती. ती पुन्हा पिकाखाली आणताना काय काय लागलं ते अजून डोळ्यासमोर आहे, म्हणून लिहायला बसले.

आम्ही नांदगाव तालुक्यातले. नाशिक जिल्हा म्हटलं की लोकांना गंगापूर धरण, गोदाकाठ आणि द्राक्षबागा आठवतात. जिल्ह्याचा हा पूर्वेकडचा कोपरा मात्र उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणारा. चक्रीवादळ हा प्रकार आमच्या लेखी कोकणातला, नाहीतर ओडिशा-आंध्रातला. २६ सप्टेंबर २०२१ च्या संध्याकाळी ‘गुलाब’ चक्रीवादळ आंध्रात कलिंगपट्टणमजवळ किनाऱ्यावर आलं, तेव्हा आमच्या घरात कोणी टीव्हीकडे मान वळवूनही पाहिलं नाही. जमिनीवर आल्यावर ते कमजोर झालं असं बातम्यांत सांगत होते आणि ते खरंच होतं, वाऱ्याचा जोर उरला नव्हता. पाणी मात्र तसंच होतं. तेलंगण, मराठवाडा ओलांडून ते ढग २८ तारखेला आमच्याकडे आले. इथून पुढे तेच अरबी समुद्रात उतरलं आणि ‘शाहीन’ या नावाने ऑक्टोबरच्या सुरुवातीला ओमानला जाऊन धडकलं. बंगालच्या उपसागरापासून ओमानपर्यंतच्या त्या वाटेवर आमचं गाव कुठेतरी मध्ये होतं.

आमच्या शेताच्या कडेने नाला आहे. उन्हाळ्यात त्यातून बैलगाडी जाते. सप्टेंबरभर पाऊस झाल्यामुळे जमीन आधीच तुडुंब होती, त्यात हा पाऊस. रात्रीतून नाल्याने वळण सोडलं आणि लाल कांद्याच्या वाफ्यांतून सरळ वाट काढली. सकाळी आम्ही गेलो तर कांदा नव्हता, वाफे नव्हते, सरी नव्हती. पिवळट मुरूम उघडा पडला होता. ठिबकच्या नळ्या खालच्या अंगाच्या बाभळीला गुंडाळल्या गेल्या होत्या. बांधावर एक जुनी बोर आहे, ती तेवढी तग धरून उभी होती, पण तिची मुळं उघडी पडून लोंबत होती. खोडावर जिथपर्यंत मातीचा डाग होता तिथे मी हात लावून पाहिला. डाग माझ्या कमरेच्या जरासा खाली होता. आदल्या दिवशीपर्यंत जमीन तिथे होती.

तलाठीभाऊ आणि कृषी सहायक चिखल तुडवत आले. त्यांच्याबद्दल माझी काडीची तक्रार नाही, कागदावर जे विचारलं होतं ते त्यांनी इमानाने भरलं. माझं म्हणणं त्या कागदाबद्दल आहे. गट नंबर, पिकाचं नाव, बाधित क्षेत्र, नुकसान ३३ टक्क्यांच्या वर की खाली. शेतात साचलेला गाळ तीन इंचांपेक्षा जास्त असेल तर तो उपसायला मदत मिळते, असा नियम आहे. म्हणजे शेतात आलेली माती इंचात मोजतात. शेतातून गेलेली माती मात्र नुसती क्षेत्रावर मोजली जाते. वीतभर गेली काय आणि मांडीभर गेली काय, हेक्टरी रक्कम एकच. आमचं ३० आर (१०० आर म्हणजे एक हेक्टर) खरडलं. तेव्हाचा दर हेक्टरी ३७,५०० रुपये होता, त्या हिशेबाने ११,२५० रुपये खात्यावर आले. उरलेल्या शेतातल्या पिकाचं अनुदान वेगळं मिळालं, तेही वेळेत मिळालं. नाकारण्यासारखं काहीच झालं नाही. पण त्या ११,२५० रुपयांत काय होतं आणि काय होत नाही, हे पंचनामा संपल्यावर कळायला लागलं.

पहिली गोष्ट हद्दीची. बांध वाहून गेला म्हणजे हद्दही गेली. दगड कुठे होता, नाल्याची जुनी कड कुठे होती, यावर आमच्या शिवारात सख्ख्या भावाभावांत वाद झाले. मोजणी मागवायची तर अर्ज, फी आणि तारखेची वाट. तोवर कोणी कोणाला बांध घालू देईना. पूर येऊन गेलेल्या गावात ज्या गटांचे बांध गेले, तिथे सरकारने आपणहून, फी न घेता मोजणी करून खुणा रोवून दिल्या तर निम्मी भांडणं सुरूच होणार नाहीत. पॅकेजच्या बातम्या मी बारकाईने वाचल्या, त्यांत मला याचा उल्लेख दिसला नाही.

मग विहीर. आमची विहीर पाच परस खोल (परस म्हणजे पुरुषभर उंची), तिचा निम्म्याहून जास्त भाग बुजला होता. पुराचा गाळ म्हणजे नुसती माती असं ज्यांना वाटतं त्यांनी तो उपसताना एकदा काठावर उभं राहावं. वर चिखल, त्याखाली वाळू, मधे मक्याची धांडं कुजून काळी पडलेली, आणि तळाला वरच्या शिवारातून आलेले दगडगोटे. यारी लावली तेव्हा प्रत्येक डबा वर आला की नाकाला पदर लावावा लागे. पाणबुडी मोटर निघाली ती वाळूने गच्च भरलेली. आतून बांधकामाची एक बाजू ढासळली होती. ती तशीच ठेवून गाळ काढत राहणं म्हणजे खाली उतरलेल्या माणसांच्या जिवाशी खेळ, म्हणून काम मधेच थांबवून आधी ती बाजू बांधून घेतली. आताचे ३० हजार त्या वेळी नव्हते, आता आहेत, चांगलं आहे. फक्त दोन परस बुजलेल्या आणि काठोकाठ बुजलेल्या विहिरीला एकच रक्कम का, हा प्रश्न इथेही आहे.

आता मातीचा हिशेब मांडते. दहावी झालेली कोणीही मुलगी तो करू शकेल. एक हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर. त्यावर फूटभर थर द्यायचा तर साधारण ३,००० घनमीटर माती लागते, म्हणजे हजाराच्या वर ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत जवळपास एक ब्रास बसते. थोडक्यात, हेक्टरला हजार ट्रॉल्या. आता ४७ हजार रुपयांना हजाराने भागा. एका ट्रॉलीला ४७ रुपये येतात. जेसीबीने भरणं, ट्रॅक्टरचं डिझेल, ड्रायव्हरचा रोज, शेतात पसरवणं, सगळं त्या ४७ रुपयांत बसवायचं आहे.

म्हणून खरा आधार त्या रोजगार हमीच्या ३ लाखांचा. तिथेच मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. रोजगार हमीत मजुरी आणि साहित्याचं प्रमाण ६०:४० ठेवावं लागतं, कंत्राटदार चालत नाही, मजुरांचं काम हिरावणारं यंत्र शक्यतो लावायचं नाही असा कायदाच आहे. हा कायदा मला प्रिय आहे. १९७२ च्या दुष्काळात माझ्या सासूबाई कडेवर मूल घेऊन रोहयोच्या कामावर खडी फोडायला जात होत्या. रोजगार हमीचे जनक वि. स. पागे यांचं नाव त्या आजही देवासारखं घेतात. आमच्या भागातले कित्येक पाझर तलाव अशा हातांनी बांधलेले आहेत. पण हजार ट्रॉल्या माती चार-पाच किलोमीटरवरून पाटीने वाहता येत नाही. २०२५-२६ च्या ३१२ रुपये रोजाने मजूर लावून हेक्टरभर जमिनीत फूटभर माती भरायची म्हटली तर ते काम कागदावरच होईल. नाहीतर मग हजेरीपटावर मजूर दाखवून जेसीबी लावला जाईल, आणि पुढे चौकशी लागली की शेतकरी आणि ग्रामरोजगार सेवक दोघेही अडकतील. सरकारने आधीच सरळ सांगावं की खरडलेल्या जमिनीत माती भरण्यापुरतं यंत्र चालेल आणि त्याचं बिल मिळेल.

मजुरीचे पैसे वाया जातील असंही नाही. माती भरण्याआधी आणि नंतर हाताचं काम भरपूर असतं. दगड वेचणं हे त्यातलं पहिलं. आमच्या ३० आरात पुराने आणून टाकलेले गोटे मी, माझी जाऊ आणि सासूबाई मिळून वेचत होतो. लहान दगड पाटीत, मोठे पहारीने लोटत बांधाकडे. दिवाळी त्यातच गेली, संक्रांतही त्यातच गेली. दोन्ही हातांच्या बोटांची साल निघाली होती, भाकरी थापताना पीठ झोंबायचं. सातबाऱ्यावर नाव नसलेल्या बायकांची ही मजुरी कुठल्याच पंचनाम्यात येत नाही, आणि भरपाई ज्याच्या नावावर जमीन त्याच्या खात्यावर जाते. अल्पभूधारकाच्या स्वतःच्या शेतातलं काम रोजगार हमीत घेता येतं. मग दगड वेचणं, बांधाला दगडाची पिचिंग करणं, नाल्याच्या काठाला निरगुडी, घायपात, वाळा लावणं या कामांना पुराच्या गावात रोहयोची मजुरी लागू करा आणि ती काम करणाऱ्या बाईच्या खात्यावर जमा करा. माती यंत्राने, दगड हाताने, एवढी वाटणी केली की त्या ३ लाखांतला रुपयान् रुपया शेतात दिसेल.

यानंतर येतो महिन्याचा प्रश्न, ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं. माती आणायची कुठून? शेजारच्याची चांगली जमीन उकरून आणायची नाही, हे तर उघड आहे. ती मिळते पाझर तलावात, धरणाच्या बुडीत भागात, म्हणजे गाळ. आणि तलाव कोरडा पडल्याशिवाय गाळ निघत नाही. आमच्याकडे फाल्गुन संपता संपता तलावांचा तळ दिसायला लागतो. चैत्र, वैशाख आणि ज्येष्ठाचा पहिला पंधरवडा, एवढाच काळ हाताशी असतो. एकदा रोहिणी-मृगाचा पाऊस लागला की तलावात ट्रॅक्टर उतरत नाही. आता कार्तिकात जर जमिनीचे पैसे खात्यावर आले तर ते काय चैत्रापर्यंत तसेच राहतील? घरात मुलांची फी असते, दुकानाची उधारी असते, रब्बीचं बियाणं घ्यायचं असतं, आजारपण असतं. ऑक्टोबरअखेरीस पुन्हा पाऊस झाला आणि कांद्याची रोपं सडली, ज्यांनी एकदा उळं (कांद्याचं बी) टाकलं त्यांना दुसऱ्यांदा टाकावं लागलं. अशा वेळी हातात आलेला पैसा त्याच खड्ड्यात जातो आणि त्यात शेतकऱ्याचा काही दोष नाही. पिकाचे पैसे लगेच द्या, रब्बीसाठी जे हेक्टरी १० हजार जाहीर झालेत तेही पेरणी उरकायच्या आत द्या. पण जमिनीचे पैसे वेगळे राखून ठेवा आणि फाल्गुनअखेरीस, तलाव आटायला लागले की द्या.

ते एकरकमीही देऊ नका. गाळ चिकट असतो. एकदम फूटभर टाकला तर वाळल्यावर भेगाळतो आणि पावसात त्यावर पाणी साचतं. आम्ही तीन-चार इंच टाकला, नांगरून मुरमात मिसळला, एक पावसाळा त्याला खाऊ दिला, ताग पेरून फुलावर येताना गाडला, आणि पुढच्या चैत्रात पुन्हा थर दिला. पहिल्या वर्षी तागाशिवाय काही घेतलं नाही. दुसऱ्या वर्षी हुलगा आणि मठ, तिसऱ्या वर्षी बाजरी. यंदा पहिल्यांदा तिथे मका उभी राहिली. सप्टेंबरच्या पावसात तिच्या कणसांना कोंब फुटले ते वेगळं दुःख, पण झाड कमरेच्या वर गेलं होतं आणि पान हिरवं होतं. कांदा लावायची हिंमत अजून झालेली नाही. म्हणजे चार वर्षांनीही ती जमीन पूर्वीसारखी नाही. इंचभर माती निसर्गात तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात असं शास्त्रज्ञ सांगतात. आम्ही तर नुसती दुसरीकडची आणून पसरतोय. मदत तीन उन्हाळ्यांत विभागून दिली तर तीच रक्कम दुपटीने कामाला येईल.

‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही सरकारची २०१७ पासूनची योजना याच कामाची आहे. छोट्या शेतकऱ्याला गाळ वाहून पसरायला घनमीटरमागे ३५ रुपये ७५ पैसे मिळतात, एकरी १५ हजारांच्या मर्यादेत. हिशेब केला तर ते एकराला सव्वाचारशे घनमीटरच्या आत-बाहेर होतं, म्हणजे पसरल्यावर चार इंच. ज्याची जमीन जागेवर आहे त्याला तेवढं पुष्कळ झालं. खरडलेल्या गटासाठी ही मर्यादा दरवर्षी नव्याने मोजावी, एकदा लाभ घेतला म्हणून दुसऱ्या वर्षी नाव कापू नये.

परंडा, माढा, करमाळा या तालुक्यांतल्या सीना नदीकाठच्या शेतांचे फोटो तुमच्या अंकात पाहिले. तिथल्या आयाबहिणींना एकच सांगावंसं वाटतं. आधी बांध, मग माती. आमच्या शेजारी एकाने घाईने गाळ आणून टाकला आणि जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात सगळा नाल्याला गेला. नाल्याच्या बाजूचा बांध दगडाने पक्का झाल्याशिवाय एक ट्रॉलीही आत घेऊ नका. आणि ई-पीक पाहणीत, म्हणजे मोबाइलवरून होणाऱ्या पीकनोंदीत, काय नोंद होतेय ते स्वतः बघा. खरडलेली जमीन दोन-तीन वर्षं पेरता येत नाही, मग तिथे ‘पड’ अशी नोंद लागते, आणि पड जमिनीवर पीककर्ज मिळत नाही. ज्याला सगळ्यात जास्त पैशांची गरज आहे त्याचंच कर्ज त्यामुळे अडतं. तागाची का होईना पेरणी करा आणि ती नोंदवा. महसूल खात्याने खरं तर अशा गटांना ‘पूरबाधित, दुरुस्तीखाली’ अशी वेगळी नोंद द्यावी आणि त्या नोंदीवर कर्ज मिळावं.

मंत्रालयातल्या लोकांना माझी विनंती अशी. पंचनाम्याच्या नमुन्यात ‘किती खोल माती गेली’ हा एक रकाना वाढवा. तो भरायला टेप पुरते. प्रत्येक पूरग्रस्त तालुक्यात कोणत्या तलावाचा गाळ कोणत्या गावाला, याची यादी जिल्हाधिकाऱ्यांनी फेब्रुवारीअखेर चावडीवर लावावी. यंत्राच्या खर्चाचा आदेश त्याआधी निघावा. मार्च हा आर्थिक वर्षाचा शेवटचा महिना, त्यात निधी परत जाण्याची भीती असते, म्हणून जमिनीचा निधी ३१ मार्चनंतरही खर्च करता येईल अशी सोय आत्ताच करून ठेवावी. ही सोय झाली नाही तर ऐन तलाव आटतात तेव्हाच तिजोरी बंद असेल.

आपल्या वृत्तपत्रालाही एक विनंती. पूर आला तेव्हा तुमचे वार्ताहर गुडघाभर पाण्यात उभे राहून बातम्या देत होते, त्याबद्दल आभार. एप्रिलमध्ये त्यांना पुन्हा सीनाकाठी आणि आमच्या नांदगावकडेही पाठवा. कोणत्या तलावात जेसीबी चालू आहे, किती गटांत माती पडली, कोणाला यंत्राचं बिल मिळालं आणि कोणाचं अडलं, हे गावाच्या नावासकट छापा.

कळावे,
आपली,
एक शेतकरी महिला
नांदगाव तालुका, जि. नाशिक
नोव्हेंबर २०२५